बिलिंग काउंटरवर काम शिकताना आलेला अनुभव

सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर नव्या माणसाला थेट आणून उभे करत नाहीत. मला आधी मांडणीच्या कामावर ठेवले, मग एका अनुभवी कॅशियरबाईंच्या शेजारी पिशव्या भरायला लावले आणि त्यानंतर स्वतःचा लॉगिन दिला. हा क्रम दुकानाने स्वतःच्या सोयीने ठरवला असेल, पण त्याचा मोठा फायदा मला झाला; कारण ग्राहक काउंटरवर येऊन ज्या गोष्टींवरून चिडतात, त्यांतल्या बहुतेक मांडणीत, गोदामात किंवा आतल्या ऑफिसात आधीच बिघडलेल्या असतात आणि काउंटरवर केवळ उघड होतात. बोलणी मात्र कॅशियरला खावी लागतात.

मांडणीच्या कामात पहिला नियम शिकवतात तो मुदतीचा. ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे, नंतर संपते तो मागे. नवा माल आला की फळी रिकामी करायची, पुसायची, नवा माल मागे लावायचा आणि जुना पुन्हा पुढे आणायचा. ग्राहकांनाही हे माहीत असते, त्यामुळे बरेच जण खोलवर हात घालून मागचाच नग ओढून काढतात आणि नीट लावलेली ओळ कोसळते. याबद्दल मला कधी राग आला नाही, कारण जास्त मुदतीचा नग निवडणे हा पैसे देणाऱ्याचा हक्क आहे. मन खट्टू होते ते नको झालेली वस्तू हाताला येईल त्या फळीवर ठेवून दिली जाते तेव्हा. साधी वस्तू उचलून जागेवर नेता येते. पण थंड कपाटातली वस्तू ५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात किती वेळ पडून होती हे कोणालाही सांगता येत नाही, म्हणून ती परत कपाटात ठेवण्याची परवानगी नसते. संध्याकाळच्या फेरीत अशा वस्तू गोळा करून टाकून द्याव्या लागत, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू काउंटरवर आणून ‘ही नको’ एवढे सांगितले असते तर वाचली असती. काउंटरवर वस्तू नाकारायला अनेकांना संकोच वाटतो. तो वाटू नये, कॅशियरला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

मांडणीत असतानाच वस्तूंच्या जागा बदलल्याबद्दलची नाराजी मी रोज ऐकत होते. कोणती वस्तू कोणत्या फळीवर आणि किती रुंदीत लावायची याच्या आराखड्याला प्लॅनोग्राम म्हणतात. तो वरून येतो आणि फळीसमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला त्यात तसूभरही बदल करता येत नाही. तरीही ग्राहकाची बाजू मला पूर्ण पटते. ग्राहकाने स्वतः फिरून माल उचलायचा ही पद्धत १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी काढलेल्या पिगली विगली या दुकानापासून रुजली. तोवर ग्राहक यादी देत असे आणि दुकानातला नोकर माल काढून पुढ्यात ठेवत असे. म्हणजे शोधण्याचे आणि वाहण्याचे काम दुकानाने ग्राहकावर सोपवले, आणि ते त्याला सहज करता यावे यासाठी जागा शक्यतो कायम ठेवणे ही दुकानाची जबाबदारी झाली. ती पाळली गेली नाही तर घाईत आलेला माणूस वैतागणारच, आणि त्या वेळी ‘तिकडे असेल’ असे हात दाखवून सांगण्यापेक्षा त्याच्याबरोबर चालत जाणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत झाले.

काउंटरवरचे शिक्षण बारकोडपासून सुरू झाले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय येथील सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या एका पाकिटावरचा बारकोड वाचून पहिली विक्री झाली. त्यापूर्वी नगांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावत आणि कॅशियर त्या पाहून आकडे दाबत असे. बारकोड फाटलेला किंवा चुरगळलेला असला की त्याखालचे तेरा अंक हाताने टाकावे लागतात, आणि त्यांतला शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून आलेल्या बेरजेत तो मिळवला की एकूण संख्येला १० ने भाग गेला पाहिजे. एखादा अंक चुकला तर यंत्र कोड स्वीकारतच नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तरी सहसा ते पकडले जातात. पण त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, म्हणजे २ आणि ७ किंवा ४ आणि ९ अशी जोडी असेल, तर चूक निसटते. यासाठीच हाताने कोड टाकल्यावर पडद्यावर आलेले वस्तूचे नाव वाचण्याची सवय मला पहिल्यापासून लावली गेली. आपल्याला उगाच थांबवले जात आहे असे रांगेतल्या लोकांना तेवढ्या क्षणात वाटते, पण तो क्षण त्यांच्याच बिलासाठी असतो.

मात्र बारकोडबद्दल ग्राहकांना सांगितलीच पाहिजे अशी गोष्ट वेगळीच आहे. त्या नेहमीच्या तेरा अंकांत वस्तूची ओळख असते, किंमत नसते. स्कॅनरने अंक वाचले की दुकानाच्या संगणकात त्या ओळखीपुढे जी किंमत नोंदलेली असेल ती बिलात येते. म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोन ठिकाणी राहते: फळीवरच्या कागदी लेबलावर आणि संगणकातल्या नोंदीत. आमच्याकडे नोंदी रात्री एकदम बदलत आणि लेबले सकाळी माणसे हाताने बदलत. एखादी ऑफर संपली, लेबल तसेच राहिले आणि ग्राहकाने ते वाचून वस्तू घेतली, की काउंटरवर वाद ठरलेला असे.

‘ताई, तिथे तर कमी लिहिली आहे,’ असे ग्राहक म्हणाला की पुढचे सगळे ठरावीक क्रमाने होत असे. मी घंटी वाजवायची, सुपरवायझरने येऊन तक्रार ऐकायची, मग कोणीतरी फळीपर्यंत जाऊन लेबल पाहायचे, परत येऊन सांगायचे, आणि सुपरवायझरने आपली किल्ली लावून ती ओळ रद्द करून नवी किंमत टाकायची. कॅशियरला स्वतः किंमत बदलू न देण्यामागे पैशांच्या गैरव्यवहाराची भीती असते आणि ती निराधार नाही. पण हे सर्व होईपर्यंत मागची रांग अडकते, मागच्या माणसाला तक्रार करणाऱ्याचा राग येतो, तक्रार करणाऱ्याला आपण क्षुल्लक रकमेसाठी भांडतो आहोत असे सर्वांना वाटते आहे याची लाज वाटते, आणि ती लाज बहुतेक वेळा माझ्यावर संताप होऊन निघते. लेबल बदलायचे राहिले ते सकाळी मांडणीवर माणसे अपुरी होती म्हणून, हे त्या वेळी तिथे हजर असलेल्यांपैकी कोणालाच दिसत नाही.

ज्या कॅशियरबाईंच्या शेजारी मी शिकले, त्यांनी मला या प्रसंगासाठी एकच वाक्य दिले: ‘तुम्ही वाचलेले बरोबर असू शकते, मी लगेच पाहायला सांगते.’ नवे कर्मचारी सहसा ‘संगणकात हीच किंमत आहे’ असे म्हणतात. ते खरे असते, पण त्यातून ग्राहक खोटे बोलतो आहे असा अर्थ निघतो आणि तिथून पुढे शांतपणे बोलणे अशक्य होते. कधीकधी ग्राहकाने शेजारच्या वस्तूचे किंवा दुसऱ्या आकाराच्या नगाचे लेबल वाचलेले असते, कारण अरुंद फळीवर लेबल नेमके कोणत्या वस्तूखाली आहे हेच कळत नाही. अशा वेळी त्याला कमीपणा वाटू न देता सांगणे, आणि नंतर ते लेबल सरकवून घेणे, ही दोन्ही कामे मी तितकीच महत्त्वाची मानते.

रांगेबद्दल थोडेसे. शेजारची रांग नेहमी पुढे जाते असे प्रत्येकाला वाटते आणि त्यात तथ्य आहे: शेजारीशेजारी तीन रांगा असतील तर आपलीच सर्वांत वेगवान असण्याची शक्यता साधारणपणे तीनात एक एवढीच असते. दुसरे असे की प्रत्येक बिलामागे पैसे देणे, पावती घेणे आणि पिशव्या उचलणे यांत जाणारा वेळ वस्तू कमी असल्या म्हणून फारसा कमी होत नाही, त्यामुळे थोड्या वस्तूंच्या लांब रांगेपेक्षा भरलेल्या दोन ट्रॉल्यांची रांग पुष्कळदा लवकर सरते. गर्दी असताना काउंटर बंद का, हा प्रश्न मात्र योग्यच आहे. याचे उत्तर कॅशियरकडे नसते, कारण कामाच्या पाळ्या आधीच ठरलेल्या असतात आणि बंद काउंटरचा माणूस त्या दिवशी कामावरच नसतो.

आमच्याकडे सेल्फ-चेकआउट यंत्रे आली तेव्हा सहा यंत्रांवर लक्ष ठेवायला एकच कर्मचारी नेमला गेला, आणि काही काळ ते काम माझ्याकडे होते. पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनकाटा असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचे नोंदलेले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले नाही की यंत्र अडते. ग्राहकाने स्वतःची जाड पिशवी आधी ठेवली, वस्तू फार हलकी असली, किंवा वेष्टन बदलल्याने वजन बदलले आणि नोंद जुनीच राहिली, तरी तेच होते. यंत्राचा लाल दिवा लागला की आजूबाजूचे लोक वळून पाहतात आणि प्रामाणिक माणसाला चोरीचा आळ आल्यासारखे वाटते. मी लांबून कार्ड लावून पुढे जाऊ देण्याऐवजी प्रत्येक वेळी जवळ जाऊन ‘वजनाची नोंद जुळत नाहीये, तुमचे काही चुकलेले नाही’ असे सांगत असे. एकाच वेळी तीन दिवे लागले की ते जमत नसे, आणि अशा गर्दीत सहा यंत्रांना एक माणूस पुरत नाही असे मी वरिष्ठांना लेखी कळवले.

लेबलांच्या बाबतीत मात्र प्रयत्नांना यश आले. रात्री ज्या वस्तूंची किंमत बदलते त्यांची यादी सकाळी छापून मिळावी आणि दुकान उघडण्यापूर्वी कॅशियर व मांडणीवाले यांनी जोडीने फेरी मारून लेबले पडताळावीत, अशी सूचना आम्ही काही जणींनी मिळून केली. ती मान्य झाली. काउंटरवरची घंटी पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वाजू लागली, कारण वाद मिटवण्याची वेळच कमी येऊ लागली. त्यानंतर ठरावीक मर्यादेपर्यंतचा फरक कॅशियरने स्वतःच्या लॉगिनने दुरुस्त करावा आणि कारण नोंदवावे, अशीही मुभा मिळाली. दिवसअखेर सुपरवायझर त्या नोंदी तपासतात, त्यामुळे गैरव्यवहाराची भीतीही उरली नाही. जोडीने घेतल्यावर सूट मिळणाऱ्या वस्तूंसाठी अजूनही किल्ली लागते, कारण तिथे एका ओळीऐवजी संपूर्ण ऑफर सोडवावी लागते. तो अधिकारही काउंटरला मिळावा ही आमची मागणी सध्या विचाराधीन आहे.