हेल्मेटचा रंग : पावसाळ्यातली नोंद

मागच्या नोंदीत ‘सायकलसाठी नवं हेल्मेट निऑन पिवळंच घेणार’ असं ठासून लिहिलं होतं. तो बेत बदललाय, आणि कारण आहे मुळशीतली भातखाचरं.

रविवारी पहाटे आम्ही तिघं सायकलींवर पुण्याच्या चांदणी चौकातून निघालो, पिरंगुट, पौड करत. जोडीदार दीडेकशे मीटर पुढे होता. त्याचं हेल्मेट माझ्यासारखंच निऑन पिवळं. पौड मागे पडलं, दोन्ही अंगांना भात लागला आणि वळणावर त्याचं डोकं मला सापडेना. दिसला तो निळ्या रेनकोटमुळे. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही तसंच होत असणार, या विचाराने मला खरंच धसका बसला.

दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा सगळ्यात तेज भासतो. निऑन पिवळ्याची सगळी ख्याती त्यावरच आहे, आणि शहरात डांबर-काँक्रीटच्या करड्या रंगावर तो उठतोही. पण भाताची कोवळी पात त्याच्या अगदी जवळच्या छटेची. रंग नुसता तेज असून भागत नाही, मागे काय आहे त्याच्याशी तो भांडला पाहिजे.

चहाला थांबलो तेव्हा बांधावर तीन हेल्मेटं ओळीने ठेवली: माझं पिवळं, एक पांढरं, आणि जोडीदाराच्या पिवळ्यावर चढवलेलं निऑन नारिंगी कव्हर. १२० पावलं मागे जाऊन वळून पाहिलं. नारिंगी बघताक्षणी दिसलं, पाठोपाठ पांढरं. पिवळं शोधावं लागलं. दहा मिनिटांनी धुकं उतरलं आणि पांढरंही विरलं, नारिंगी तेवढं उरलं. लाल आम्ही आधीच बाद केलं होतं, कारण उजेड मंदावला की डोळ्याला लाल सगळ्यात आधी काळपट दिसू लागतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे आमच्यासारख्यांची तिन्हीसांज रस्त्यावरच होते.

मग थेट नारिंगी हेल्मेटच का घेत नाही? घरी येऊन जुन्या पिवळ्याची चोच (कपाळावरची झडप) काढली तेव्हा उत्तर मिळालं. चोचीखालची पट्टी नव्यासारखी झगझगीत, बाकीचं कवच फिकट लिंबाच्या सालीसारखं. वापर जेमतेम अडीच वर्षं, त्यात बराच काळ गॅलरीत टांगलेलं. निऑन रंग उन्हातले अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा उजेड करतो, आणि तेच किरण त्याला हळूहळू मारतात. नारिंगीचंही हेच होणार. पांढऱ्याला उडायला रंगच नाही. फार तर घामाने पट्टे पिवळे पडतील.

म्हणून ठरलं: कवच पांढरं, वर निऑन नारिंगी लायक्राचं कव्हर. रंग गेला की कव्हर बदलायचं, हेल्मेट नाही. हेल्मेटचं आयुष्य वेगळं मोजायचं. आपटलं तर लगेच बाद. नाहीतर अमेरिकेची सीपीएससी (ग्राहकवस्तूंची सुरक्षितता पाहणारी सरकारी संस्था) ५ ते १० वर्षांत बदला म्हणते, मी पाचच धरतो. उन्हाळ्यात कव्हरमुळे हवेची भोकं झाकली जातात, तेव्हा जाळीचं लागेल. ते अजून शोधतोय.

कुणी जुन्या हेल्मेटवर स्प्रे मारायचा विचार करत असेल तर कृपा करून नको. आतला फेस म्हणजे घट्ट दाबलेलं थर्मोकोलच. थर्मोकोलवर पेट्रोल सांडल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रंगातली द्रावणं तसाच घात करू शकतात, कवचालाही कमजोर करतात, आणि वरून काहीच कळत नाही.

रात्रीचं गणित निराळं. हेडलाइटमध्ये अतिनील जवळपास नसतं, त्यामुळे निऑनचा जोर ओसरतो. तिथे रेडियमच हवं, कारण ते उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतं. पट्टी कवचाला न चिकटवता कव्हरच्या मागच्या कडेला शिवून घेतली, आणि एक जोडी घोट्यांसाठी. वरखाली होणारे पाय पाहिले की गाडीवाल्याला ‘सायकल आहे’ हे चटकन उमगतं.

कव्हरच्या आत मार्करने आजची तारीख घातली आहे. एक तुकडा कापून कपाटात ठेवलाय. दर दोन महिन्यांनी दोन्ही शेजारी धरून फोटो काढणार, पहिला दिवाळीच्या आसपास.