लोबेरा गेल्यावर गोव्यात नेमकं काय उरलं?

३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवा या फुटबॉल क्लबने मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला निरोप दिला, तेव्हा संघ इंडियन सुपर लीगच्या तक्त्यात अव्वल होता आणि साखळीतले फक्त तीन सामने उरले होते. हंगामी प्रशिक्षक म्हणून क्लिफर्ड मिरांडाने सूत्रं घेतली. त्या तीन सामन्यांत गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० असं हरवलं. ३९ गुणांवर साखळी संपली, साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणाऱ्या लीग विनर्स शील्डचा पहिला मान गोव्याला मिळाला आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

गोव्याच्या घरच्या फातोर्डा स्टेडियममधल्या ईस्ट लोअर स्टँडमध्ये तेव्हापासून एक वाद सुरू आहे. एक बाजू म्हणते, कल्चर क्लबचं होतं, प्रशिक्षक गेला तरी तीन सामन्यांत १४ गोल झालेच ना. दुसरी बाजू म्हणते, ते १४ गोल लोबेराच्या पुण्याईवर झाले. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या पुराव्यावरून भांडतात. तीन सामन्यांतून काहीच सिद्ध होत नाही, कारण संघाच्या सवयी प्रशिक्षकासोबत त्याच दिवशी जात नाहीत. अडीच हंगाम रोज एकाच पद्धतीने सराव केलेले पाय आणखी तीन आठवडे तसेच चालतात. सवयी खऱ्या मोडतात त्या पुढच्या हंगामाच्या पूर्वतयारीत. तिथे पाच-सहा आठवडे मिळतात, नवा माणूस असतो आणि मैदानात निम्मे चेहरे नवे असतात. म्हणून २०२० चा निकाल बघायचा तर फेब्रुवारी सोडून त्या वर्षाचा उन्हाळा बघावा.

आधी काय गेलं ते कळायला, काय होतं ते नीट बघावं लागेल. लोबेराचा गोवा कागदावर ४-२-३-१ (चार बचावपटू, दोन मागचे मिडफिल्डर, तीन आक्रमक, एक स्ट्रायकर) होता, पण चेंडू गोलकीपरकडे आला की तो आकार राहायचाच नाही. मिडफिल्डर अहमद जाहू दोन सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये किंवा डाव्या बगलेला खाली यायचा. त्याच क्षणी डावीकडून मंदार राव देसाई आणि उजवीकडून सेरिटन फर्नांडिस हे फुलबॅक (कडेचे बचावपटू) मध्यरेषेच्या आसपास चढायचे. मंदार मुळात विंगर (कडेने हल्ला करणारा), त्यामुळे त्याला हे अंगवळणी होतं. लेनी रॉड्रिग्ज जाहूच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर थांबायचा. पुढे स्ट्रायकर कोरो सेंटरबॅकला चिकटून न राहता खाली सरकायचा आणि त्याच्यामागे उघडलेल्या जागेत ह्युगो बुमूस किंवा जॅकीचंद घुसायचा. जाहूचा उजव्या पायाचा लांब तिरका पास या सगळ्याची किल्ली होता. समोरचा संघ एका बाजूला गोळा झाला की चेंडू एका फटक्यात दुसऱ्या टोकाला जायचा आणि तिथे फुलबॅक मोकळा असायचा. २०१९-२० च्या साखळीत १८ सामन्यांत ४६ गोल झाले, त्यातले बरेचसे याच रचनेतून. कॉर्नरवर सेंटरबॅक मुर्तादा फॉलचं डोकं होतंच.

ही रचना मोडायची कशी, तेही प्रतिस्पर्ध्यांना माहीत होतं. जाहूवर एक स्ट्रायकर सावलीसारखा लावायचा. मग चेंडू अशा सेंटरबॅककडे जातो ज्याचा पास तितका धारदार नाही. तो लांब मारतो, संघ त्यानंतर सुटा पडलेला दुसरा चेंडू हरतो, दोन्ही फुलबॅक आधीच वर गेलेले असतात आणि मागे दोन बचावपटूंवर तीन हल्लेखोर येतात. यावर एकच औषध आहे, चेंडू गेल्यापासून पहिल्या पाच-सहा सेकंदांत जवळच्या तिघांनी तो परत घ्यायला झडप घालायची. ही झडप उशिरा पडली की संघ उघडा पडतो. २०२० च्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनने पहिल्या लढतीत ४-१ ने मारलं. दुसऱ्या लढतीत फातोर्ड्यात गोवा ४-२ ने जिंकला, पण एकूण ५-६ ने बाहेर गेला. ‘लोबेरा असता तर’ ही चर्चा तिथेच पेटली. मला ती फोल वाटते. २०१८ ची उपांत्य फेरी लोबेरा बाकावर असताना गेली होती, तीही याच चेन्नईयिनसमोर, दुसऱ्या लढतीत ०-३ ने. हा धोका त्या पद्धतीतच होता आणि त्यानेच तो पत्करला होता. त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

आता उन्हाळा. जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार, चौघेही मुंबई सिटीला गेले आणि लोबेराही तिथेच पोचला. कोरो गेला, कार्लोस पेन्या गेला, मनवीर सिंग एटीके मोहन बागानला गेला आणि जॅकीचंद जमशेदपूरला. शील्ड जिंकणाऱ्या संघातले हे आठ जण. ईस्ट लोअरचा राग मी समजू शकतो, पण राग योग्य जागी असावा. जाहू, फॉल आणि बुमूस हे तिघे गोव्याला येण्याआधी मोरोक्कोच्या मोघरेब तेतुआनमध्ये खेळले होते आणि लोबेराने तिथेच प्रशिक्षण दिलं होतं. पुढे ओडिशातही तो गेला तेव्हा हे तिघे त्याच्या संघात दिसले. म्हणजे संघाचा कणा क्लबच्या स्काउटिंगमधून कमी आणि प्रशिक्षकाच्या वहीतून जास्त उभा राहिला होता. असा संघ पटकन जिंकतो, कारण परदेशी खेळाडूंना पद्धत शिकवावी लागत नाही. पण वही घेऊन माणूस उठला की कणाही उठतो.

वेळेचा भागही महत्त्वाचा आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने बोलू शकतो. आपल्याकडे बहुतेक करार ३१ मे ला संपतात. म्हणजे जानेवारीत प्रशिक्षकाला काढलं तर ज्यांचे करार संपत आलेत ते सगळे त्याच महिन्यात दार उघडं ठेवून बसलेले असतात. ज्यांचा करार उरलेला असतो त्यांच्यासाठी बायआउट कलम (ठरलेली रक्कम भरून करार सोडवायची तरतूद) असतं. प्रशिक्षकाला काढायचंच असेल तर त्याआधी किमान दोन कण्यातले खेळाडू आणि एक भारतीय फुलबॅक यांचे करार वाढवून घ्यावेत, हा साधा हिशोब आहे. गोव्याने एदू बेदिया, ब्रँडन फर्नांडिस आणि सेरिटनला राखलं, त्यामुळे पुढचं वर्ष तरलं.

आणि ते खरंच तरलं. हुआन फेरांडो प्रशिक्षक म्हणून आला. त्याचीही जडणघडण स्पॅनिश, चेंडू ताब्यात ठेवणारी. २०२०-२१ मध्ये गोवा चौथा आला. गुण ३१, पराभव फक्त तीन, पण बरोबरीचे सामने दहा. या दहा बरोबऱ्यांमध्ये सगळं उत्तर आहे. सवय उरली होती, म्हणून संघ हरत नव्हता. जाहूचा तो तिरका पास उरला नव्हता, म्हणून जिंकतही नव्हता. स्ट्रायकर इगोर अंगुलोने १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट मिळवला, तरीही. उपांत्य फेरीत समोर कोण, तर लोबेराचीच मुंबई. २-२, मग ०-०, आणि पेनल्टीवर ५-६. त्यानंतर मुंबईने अंतिम सामना जिंकला तोही फातोर्ड्याच्याच मैदानावर, कारण कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच प्रेक्षकांविना खेळवला गेला. गोव्यातल्या चाहत्यांना हे अजून टोचतं आणि ते टोचणं रास्त आहे.

फेरांडोच्या काळातलं एक मात्र क्लबच्याच खात्यावर मांडायला हवं. एप्रिल २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत अल रय्यानशी ०-०, अल वहदाशी ०-०, मग पर्सेपोलिसविरुद्ध १-२, त्यात बेदियाचा गोल. हा त्या स्पर्धेच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल. एकूण तीन बरोबऱ्या आणि गटात तिसरं स्थान. त्या संघात सॅवियर गामा आणि प्रिन्स्टन रिबेलो ही गोव्याच्या डेव्हलपमेंट संघातून आलेली पोरं होती. ती कोणाच्या वहीतून आली नव्हती.

खरी पडझड दुसऱ्या जाण्यात झाली आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. २०२१-२२ च्या हंगामाआधी अंगुलोही मुंबईला गेला. पहिल्याच सामन्यात मुंबईने गोव्याला ३-० ने हरवलं, त्यातले दोन गोल त्याचे. पहिले तिन्ही सामने गेले. डिसेंबरात मोहन बागानने करारातलं कलम वापरून फेरांडोला ऐन हंगामात उचललं आणि त्याच्या जागी आलेल्या डेरिक परेराला तुटका संघ सांभाळावा लागला. याच वर्षी मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचावरून चारवर आली होती. म्हणजे कण्यातला आणखी एक मणका भारतीय हवा होता आणि तो तयार नव्हता. संघ नववा आला. पुढच्या वर्षी लोबेराच्या संघातला पेन्या प्रशिक्षक म्हणून परतला. जुना माणूस आणला की जुनी पद्धत परत येईल, ही आशा त्यामागे असावी. गोवा सातवा आला आणि प्लेऑफ (बाद फेरी) एका पायरीने हुकला. पेन्याला पद्धत ठाऊक होती, पण ती चालवणारे पाय संघात नव्हते.

तुलनेसाठी मुंबई सिटी बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने तिथे ६५ टक्के हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेला आणि डेस बकिंगहॅम आला, ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतून. पहिल्या वर्षी मुंबई पाचवी आली, म्हणजे तिथेही घसरण झालीच. पण जाहू आणि फॉल यावेळी प्रशिक्षकामागे गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी २० सामन्यांत ४६ गुण घेऊन मुंबईने शील्ड जिंकली. २०२३ च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, तर त्याच्या जागी पेत्र क्रात्की आला, तोही मेलबर्न सिटीतून, आणि मे २०२४ मध्ये संघाने अंतिम सामना जिंकून कप घेतला. ‘मुंबईला कल्चर नाही, पैसा आहे’ असं गोव्यात म्हणतात. पैसा आहेच. पण प्रशिक्षक निवडायची पद्धतही आहे. पुढचा माणूस कोण, हे आधीचा जाण्यापूर्वीच कोणाला तरी माहीत असतं. गोव्याने यातून शिकावं, चिडू नये.

म्हणून प्रशिक्षक गेल्यावर गोलफलकावर वाद घालण्यापेक्षा चार-पाच गोष्टी बघा. गोलकिक कशी सुरू होते, दोन सेंटरबॅक पेनल्टी क्षेत्राच्या कडांवर पसरतात की गोलकीपर थेट लांब मारतो? भेदरलेल्या संघात सगळ्यात आधी हेच बदलतं. चेंडू गेल्यावर जवळचे तिघे पुढे धावतात की मागे? फुलबॅक दोन्ही चढतात की एकच? साठाव्या मिनिटाला कोणता बदल होतो, आणि तो मागच्या वर्षीसारखाच आहे का? हे टीव्हीवर नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. स्टेडियममध्ये वरच्या रांगेतून दिसतं. आणि मैदानाबाहेर बघायचं ते असं: फिटनेस प्रशिक्षक आणि गोलकीपर प्रशिक्षक राहिले का? सरावाचं रोजचं वेळापत्रक त्यांच्याकडे असतं. ते मुख्य प्रशिक्षकासोबत गेले तर पुढच्या सहा आठवड्यांत स्नायूंच्या दुखापती वाढल्या तरी आश्चर्य मानू नका, कारण नवा माणूस सरावाचा भार आपल्या मापाने एकदम बदलतो.

प्रशिक्षक मानोलो मार्केझच्या गोव्याबद्दल मला आशा आहे ती या कसोट्यांवर. २०२३-२४ मध्ये संघ तिसरा आला. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मुंबईविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे असताना २-३ ने हरला. असा पराभव संघ फोडतो. त्यात उन्हाळ्यात ब्रँडन मुंबईला गेला, २०१७ पासूनचा माणूस. तरी पुढच्या वर्षी गोवा ४८ गुणांनी दुसरा आला आणि ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप घेऊन आला. त्यातला बराचसा काळ मार्केझ भारतीय संघाचाही प्रशिक्षक होता, म्हणजे त्याचं अर्धं लक्ष दुसरीकडे असूनही संघाची घडी विस्कटली नाही. गौरमांगी सिंग पेन्याच्या काळापासून सहाय्यक आहे आणि मार्केझ आल्यावरही तो टिकला. २०२० मध्ये बाकावर असा दुवा क्लिफर्ड होता. उद्या मार्केझ जाईल तेव्हा गौरमांगीचा करार किती वर्षांचा आहे, हा प्रश्न क्लबला सर्वात आधी विचारा. नव्या स्ट्रायकरचं नाव नंतर विचारलं तरी चालेल.