सनाची एक दुपार आणि दोन इमाम

येमेनमधल्या सहलीचे पहिले दिवस बाब अल-यमनची वेस, मिठाचा बाजार आणि पांढऱ्या नक्षीची उंच घरे पाहण्यात गेले. त्यांविषयी सगळेच लिहितात. मला लिहायचे आहे ते राजधानी सनामधल्या सलाह अल-दीन मशिदीविषयी, जिच्या आत मला जाताच आले नाही. मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, हे मान्य. परंतु आमच्या वाटाड्याने "इथे एका जुन्या इमामाची कबर आहे" एवढेच सांगून आम्हांला चांदीच्या दुकानांकडे पिटाळले, याचा मला फार राग आला.

तो राग दुपारी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी उतरला. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या बैठकीत कातचा, म्हणजे येमेनमध्ये तरतरीसाठी चघळतात त्या झुडपाचा पाला चघळत (चव कडू, आग्रह मात्र न मोडवणारा) त्यांनी त्या कबरीतल्या इमामाची आणि त्याच्या वारसांची कथा सांगितली. जैदी या येमेनमधल्या शिया पंथात इमाम म्हणजे धर्मगुरू आणि राज्यकर्ता दोन्ही, आणि पंथाच्या सिद्धान्तानुसार हे इमामपद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. पैगंबरांचे नातू हसन किंवा हुसेन यांच्या वंशातल्या विद्वान आणि शूर पुरुषाने उघडपणे दावा मांडायचा असतो. 1391 मध्ये इमाम सलाह अल-दीन वारले तेव्हा सनामधल्या उलेमांनी अहमद बिन यह्या अल-मुर्तदा या पंडिताची निवड केली आणि दरबारातल्या वजनदार मंडळींनी दिवंगत इमामांचा मुलगा अली याला 'अल-मन्सूर' म्हणून पुढे केले. बळ मुलाच्या बाजूला होते. पुढच्याच वर्षी अल-मुर्तदा कैद झाले आणि 1399 पर्यंत तुरुंगात राहिले. तिथेच त्यांनी 'किताब अल-अझहार' लिहिला, ज्यावर जैदी धर्मशास्त्र आजही उभे आहे. अखेर पहारेकऱ्यांच्याच मदतीने ते निसटले. पण तोवर उत्तरेत सादा शहराच्या मुलखात अल-हादी अली हा तिसरा दावेदार उभा राहिला होता.

साहजिकच मी पंडिताची बाजू घेतली. यजमान हसले आणि म्हणाले, "दक्षिणेत रसूली घराण्याचे सुलतान आणि शेजारी इस्माइली हा दुसरा शिया पंथ असताना, बेटा, पुस्तकाने किल्ला राखला असता का?" मला ते पटले नाही, ज्या नियमाच्या बळावर इमाम मान मागतो, तोच नियम पहिल्या संकटात मोडायचा असेल तर मान कशाचा मागायचा, असे मी विचारलेही. त्यांनी माझ्यापुढे आणखी पाला सरकवला आणि सांगितले, की 1436 मध्ये प्लेगने अल-मन्सूर आणि अल-मुर्तदा या दोघांनाही नेले, आणि लगोलग इमामपदासाठी नवे तीन दावेदार उभे राहिले.

त्या तिघांची कथा सुरू होणार, तोच वाटाड्या खालून गाडीचा भोंगा वाजवू लागला.