तुम्ही विचारलंत म्हणून: "काहीतरी केलं असेल ना त्यांनी?"

मी इंग्लंडमधल्या एका डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांना सरकार कोंडून ठेवतं तिथे, लोकांना भेटायला जाते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण काहीतरी केलं असेल ना त्यांनी? उगाच कोण कोणाला कोंडून ठेवेल?" परवा परत एकानं विचारलं, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकते.

काही जण तुरुंगातली शिक्षा संपल्यावर डिपोर्ट करायला तिथे आणलेले असतात, ते खोटं नाही. पण मी ज्यांना भेटते ते बहुतेक असायलम, म्हणजे आश्रय, मागायला आलेले, त्यांना कुठल्याही कोर्टानं शिक्षा दिलेली नसते, होम ऑफिसमधला, म्हणजे तिथल्या गृहखात्यातला, अधिकारी कागदावर ठरवतो आणि माणूस आत जातो. बेकायदा आले म्हणाल, तर १९५१ च्या रेफ्युजी कन्व्हेन्शनचं, म्हणजे निर्वासितांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, ३१ वं कलम वाचा, जिवाच्या भीतीनं थेट पळून आलेला माणूस लगेच स्वतःहून हजर झाला तर नुसत्या बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्यावर ब्रिटनची सही आहे.

बरं, आत कसं असतं? गॅटविक विमानतळाला लागून ब्रूक हाऊस नावाचं सेंटर आहे, ते बांधलंच मुळी कडक बंदोबस्ताच्या तुरुंगासारखं. खिडक्या उघडत नाहीत, रात्री खोल्यांना बाहेरून कुलूप, संडास त्याच खोलीत. काम केलं तर तासाला एक पाउंड. २०१७ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं छुप्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं, ते बीबीसीवर दाखवलं, तेव्हा कुठे लोकांनी बघितलं की आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या माणसाचा गळा पहारेकरीच दाबतोय. मग सरकारी चौकशी झाली, २०२३ मध्ये रिपोर्ट आला, पाच महिन्यांत अमानुष किंवा अपमानास्पद वागणुकीचे १९ प्रसंग घडल्याचे विश्वासार्ह पुरावे निघाले. माणसानं छळ सोसला असावा किंवा डिटेन्शननं त्याची तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरांनी ते लिहून कळवायचा नियम आहे, रूल ३५, तोही नीट पाळला जात नव्हता. आणि २०२२ मध्ये मॅन्स्टनला, केंटमधल्या नव्यानं आलेल्यांच्या छावणीत, तर फक्त २४ तास ठेवायच्या जागेत लोक कितीतरी दिवस जमिनीवर झोपत होते, १६०० च्या जागी चार हजारांच्या आसपास माणसं, त्यात घटसर्पाची साथ.

पण तुम्ही मला विचाराल सगळ्यात वाईट काय, तर मी कुलूप नाही म्हणणार, जेवण तर नाहीच. मी म्हणेन तारीख. म्हणजे तारीख नसणं. ब्रिटनमध्ये प्रौढ माणसाला साधारणपणे इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये किती दिवस ठेवायचं याला कायद्यात ठरावीक मुदतच नाही. तुरुंग आणि सेंटर दोन्ही बघितलेले लोक सांगतात की तिकडे रोज एक दिवस वजा होतो, इकडे रोज एक वाढतो.

एकाला मी बरेच महिने भेटत होते. तो कुठला ते सांगत नाही, त्याचं कुटुंब अजून तिकडेच आहे. आत जाताना माझ्या बोटांचे ठसे, झडती, पर्स लॉकरमध्ये, आणि तो समोर बसायचा तो कायम दाराकडे तोंड करून, कारण हातात कागद घेऊन कोणी आत आलं तर तो कागद आपला असेल असं त्याला वाटायचं. दर महिन्याला त्याला होम ऑफिसचं पत्र यायचं, तुम्हाला आत का ठेवलंय त्याची कारणं लिहिलेलं. एकदा त्यानं तशी चार पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि बोट ठेवून दाखवलं, तेच परिच्छेद, त्याच ओळी, एका ठिकाणी तर चूकही तीच, बदलली होती फक्त वरची तारीख. "यांनी मला परत वाचलंच नाही," म्हणाला. मला, नाही वाचलं, असं म्हणायलासुद्धा सुचलं नाही, मी नुसती बघत बसले.

२८ दिवसांची मुदत घाला असं खासदारांच्या समितीनं सांगून झालंय, ब्रूक हाऊसच्या चौकशीनंही तेच सांगितलं, सरकारनं मान्य केलं नाही. मला हे पटतच नाही, चोरालासुद्धा आपल्या सुटकेचा दिवस माहीत असतो हो.

शेवटी जामीन झाला त्याचा. संध्याकाळी सोडलं, बस स्टॉपवरून फोन केला मला, सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. केसचा निकाल लागलेला नव्हता, काहीच बदललं नव्हतं, महिन्यातून दोनदा हजेरी द्यायची एवढीच अट होती. मग हे पहिल्याच दिवशी का नाही करता आलं, असं तो फोनवर विचारत होता, आणि तेवढ्यात त्याची बस आली.