तलावाचा चिखल तेवढा राहू द्या

रविवारी पुतण्याला घेऊन नागपुरात अंबाझरी तलावाच्या बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये गेलो होतो. पोट्टा बारा वर्षांचा, काठावर उभा राहून म्हणतो, काका इथं तर नुसता चिखल आहे, तलाव तर तिकडं आहे! तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

पाणथळ म्हटलं की आपल्याला फक्त भरलेला तलाव दिसतो, पण पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या बघा, नैसर्गिक असो की माणसानं बांधलेलं, बारमाही असो की चार महिन्यांचं, सगळं त्यात धरलंय. म्हणजे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे आपले बांधलेले तलाव आले, त्यांच्या काठची दलदल आली, बागेच्या खोलगट कोपऱ्यात पावसाळ्यात साचून नंतर आटणारं डबकंही आलं.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा तो उथळ काठ. मधल्या खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारतात ठीक आहे, पण गुडघाभर पाण्यात पाणकणीस वाढतं, त्यात जांभळी पाणकोंबडी घरटं करते, मासोळ्यांची पिल्लं तिथंच लपतात, अन् नाल्यातून येणारा गाळ आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस बरंचसं हीच झाडं अडवून धरतात. आटणारं डबकं तर बेडकांचं बाळंतघर, तिथं मासे टिकत नाहीत म्हणून बेडूकमासे वाचतात. आणि डासांची भीती घालणाऱ्यांना सांगतो, चतुर नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्याच खातात.

म्हणून सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ सरळ दगडी भिंतीनं बांधून काढला की मला खरंच त्रास होतो, उतारच गेला तर हे सगळं राहणार कुठं? जलपर्णी काढा, बेशरमची झुडपं उपटा, त्याला कोण नाही म्हणतं, पण सरसकट साफ करू नका.

आपल्याकडं पांढराबोडी नावाची वस्ती आहे, बोडी म्हणजे लहान तलाव. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन घराघरांत पाणी शिरलं, तो पाऊस एखाद्या बोडीनं अडला असता असं मी म्हणत नाही, पण बुजवलेल्या प्रत्येक बोडीचं पाणी शेवटी रस्त्यावरच येतं ना.

तर त्याच चिखलात पुतण्याला तुतवार दिसला, इवलासा पक्षी, शेपटी सारखी खालीवर हलवत किडे टिपत होता. हिवाळ्यापुरता लांबून, हिमालयाकडून येतो म्हटल्यावर पोट्टा अर्धा तास जागचा हललाच नाही, पुढच्या रविवारी दुर्बीण न्यायची ठरलीय.