होडीसाठी गाडी शोधताना

गेल्या वर्षी मेच्या शेवटी मालवणजवळच्या देवबागच्या उतरणीवर आमची सात सीटांची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. मागे ट्रेलरवर होडी, पुढच्या चाकांखाली हिरवं शेवाळ, आणि ओहोटी लागलेली. क्लचचा करपट वास सुटला तेव्हा मी इंजिन बंद केलं. शेवटी दोन पोरं बॉनेटवर बसली, पाच-सहा जणांनी मागून ट्रेलर रेटला आणि वरात वर आली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला ही गोष्ट कळली होती.

गाडीचा दोष नव्हता. तिला जोर पुढच्या चाकांचा. मागे हुकावर वजन बसलं, वर चढ, म्हणजे पुढची चाकं हलकी होणारच. ती सपाट रस्त्यावर होडी ओढायची, आणि तेवढ्यावर मी दोन वर्षं फसलो होतो. पुस्तिकेत ती मागे किती वजन ओढू शकते याचा आकडाही नव्हता. तो नाही म्हणजे ओढायचं नाही, एवढं साधं मला कळायला हवं होतं.

होडी 17 फुटी, फायबरची. पावसाआधी ती खाडीतून काढून कुडाळला इंजिनकामाला न्यायची आणि मग मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, ठेवायची, एवढंच काम. वजन मी मनातल्या मनात साडेसहाशे किलो धरलं होतं. चिऱ्यांचे ट्रक जिथे वजन करतात त्या काट्यावर होडीसकट ट्रेलर उभा केला, तर आकडा आला 940. मग एकेक हिशेब लागला. 40 हॉर्सपॉवरचं इंजिन पाऊणशे किलोच्या आसपास, पेट्रोलचे दोन कॅन, नांगर, दोर, बर्फाची पेटी, आणि तळात साचलेलं पाणी. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, आणि मी ते उपसायचा कंटाळा करून रस्ताभर ओढत होतो.

मग गाडीचा शोध सुरू झाला. मी प्रत्येक जाहिरातीतला हॉर्सपॉवर वाचत बसलो. शेजारचे आबा, जन्मभर तांडेल (होडीवरचे म्होरके), ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "ओढूक काय, माझो रेडोय ओढीत. उतारार अडवतलो कोण?"

त्या एका वाक्याने माझी यादी उलटी झाली. आधी गाडीचं स्वतःचं वजन बघायचं. टनभर ओझं मागून ढकलत असताना हलक्या गाडीचं मागचं अंग आडवं होतं. युरोपात साडेसातशे किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. माझ्या ट्रेलरला नव्हते. ते आधी बसवून घेतले. गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, या प्रकारचे. (मागे घेताना खटका लावून ते सुटे ठेवावे लागतात, नाहीतर उतरणीवर चाकं जाम.)

गाडी शिडीसारख्या चासीची, जोर मागच्या चाकांचा आणि लागेल तेव्हा चारही चाकांचा, हे ठरलं. थार मोहात पाडत होती. एका मित्राची घेऊन ट्रेलर मागे घेऊन बघितला आणि घाम फुटला. आखूड गाडी मागे घेताना स्टिअरिंग जरा वळवलं की ट्रेलर कोपरात वाकतो. लांब गाडी चूक सावरायला वेळ देते. पिकअप सगळ्यात योग्य, पण घरून प्रश्न आला, "गाडी होडीसाठी घेताय की माणसांसाठी?" बोलेरो आवडली होती, पण दाखवलेल्यांपैकी एकीच्याही पुढच्या चाकांना जोर मिळत नव्हता.

शेवटी जुनी स्कॉर्पिओ घेतली, चारही चाकांना जोर देणारी. मुद्दाम कोल्हापूरकडची. आपल्या किनाऱ्यावरची जुनी गाडी वरून चकचकीत असते आणि खाली खाऱ्या वाऱ्याने चासीचे पापुद्रे निघत असतात. खाली झोपून, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितली. लो गिअर (गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारा) लागतो का, हेही मातीत चालवून बघितलं. वर्षानुवर्षं न वापरल्याने तो अडकलेला असू शकतो. हूक बंपरला नाही, चासीलाच बोल्टने घेतला. ट्रेलरची नोंदणी मात्र मी रेंगाळवली होती. 1988च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरला वेगळी नोंदणी लागते. ओरोसच्या आरटीओत तीन खेपा झाल्या, एवढंच सांगतो.

पहिल्याच फेरीत, चौक्याच्या पुढे नेरूरपारच्या पुलाकडे उतरताना, ताशी पन्नासला ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी हळूच, मग आरशात होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ब्रेकवर जाणारा पाय आवरला, अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. तीस-पस्तीसला थरथर थांबली. पुलाच्या अलीकडे गाडी लावून मी पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

घरी येऊन वजनाच्या घरगुती काट्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवलं. 35 किलो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर पडायला हवा, म्हणजे 95च्या आसपास. इंजिन मागे, जड सामान मागे, मग तोंड हलकं राहणारच. विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाचा) खांब दीड फूट पुढे नेला, होडी पुढे सरकली, काटा 95वर आला. त्यानंतर शेपूट हललेलं नाही. हा खर्च नव्या गाडीचा नव्हता, चार बोल्टचा होता, हे मान्य करायला मला जड गेलं.

आणखी एक गंमत. यंदा लो गिअरची गरज फार पडलीच नाही. आबांनी भरतीची वेळ सांगितली. पाणी वर असलं की गाडीची चाकं शेवाळाच्या वरच्या कोरड्या भागातच राहतात. गेल्या वर्षी मी सोयीची वेळ म्हणून ओहोटीला गेलो होतो. ट्रेलर पाण्यात घालण्याआधी अर्धा तास उभा ठेवला, कारण तापलेले हब (चाकांचे मधले भाग) थंड पाण्यात गेले की आत खारं पाणी खेचून घेतात आणि बेअरिंगचं ग्रीस दुधासारखं होतं. दिव्यांची वायर काढली. वर आल्यावर नळीने गोड्या पाण्यात धुतला, ब्रेकच्या ड्रमसकट.

होडी आता मांगरात शाकारून आहे. गाडीच्या मागच्या सीटखाली बर्फाच्या पेटीतलं कोळंबीचं पाणी सांडलं होतं, तो वास अजून जात नाही. मुलगी कॉलेजला जायला बस पकडते.