मास्कचा वारा डोळ्यांत जातो तेव्हा

"बाई, मशीन लावल्यापासून सकाळी डोळे लाल होतात, चुरचुरतात, आत रेती गेल्यासारखं वाटतं. तुम्ही काय केलंत? थोडे दिवस मास्क सोडून दिला तर चालेल का?"

गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, फोनवर हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी, नाहीतर त्यांचे आईवडील. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. त्यावर मास्कमधून नाकात दाबाने हवा सोडणारं मशीन लावून बाईसुद्धा झोपतात हे कुणीतरी कुणाला तरी सांगतं आणि फोन येतो. उभ्या उभ्या बोलताना अर्धं सांगून होतं, अर्धं राहून जातं. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मास्क सोडू नका. मी सोडला होता, सहा रात्री. झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला सरासरी 34 वेळा थांबत होता किंवा अर्धवट होत होता. हा आकडा 30 किंवा त्याच्या वर असला की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. मशीन लावल्यावर तो तीन-चारवर आला होता. तरी डोळ्यांच्या त्रासाला कंटाळून मी मास्क खणात ठेवून दिला. सहाव्या रात्री मला जाग आली तेव्हा हे खाटेच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत होते. "थांबला होता तुझा श्वास, मी मोजत होतो," एवढंच म्हणाले. त्या रात्री मी खणातून मास्क काढून परत लावला आणि डोळ्यांचं काहीतरी करायचंच असं ठरवलं.

मशीन आलं चवथ झाल्यावर. पंधरा दिवसांत डोळे लाल व्हायला लागले. नव्याच्या सोमवारी आमच्याकडे उत्सव असतो, रात्रभर गाणं चालतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "काल रात्रभर गाणं ऐकलंत वाटतं." मी दहालाच झोपले होते. पुढे पुढे लोकांना वाटायला लागलं की मला डोळे आले आहेत, आणि मुलं जवळ आली की त्यांच्या आया त्यांना मागे ओढायच्या.

डोळे येणं आणि हा त्रास यांतला फरक ओळखता येतो. डोळे आले की चिकट घाण येते, पापण्या चिकटतात, दिवसभर त्रास असतो आणि घरातल्या दुसऱ्यालाही होतो. माझं तसं नव्हतं. उजवा डोळा जास्त लाल, डावा थोडा. उठल्या उठल्या सगळ्यात वाईट आणि दुपारच्या जेवणापर्यंत बराच बरा. मी डाव्या कुशीवर झोपते. उशी मास्कला डावीकडून ढकलायची, मास्क उजवीकडे उचलला जायचा आणि नाकाच्या दांड्यापाशी फट पडून वारा थेट उजव्या डोळ्यात जायचा. हे कळायला मला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात मी केलं ते बहुतेक सगळेच करतात. पट्टे आवळले. रोज थोडे जास्त. नाकाच्या दांड्यावर लाल वण उठला, मग तिथलं कातडं सोललं. वारा मात्र वाढला.

असं का होतं ते कुकरवरून समजेल. कुकरच्या कडेने वाफ जायला लागली म्हणून झाकण दाबून धरून चालत नाही. रिंग नीट बसली आहे का, तिच्यावर शीत अडकलं आहे का, ती कडक झाली आहे का, हे बघावं लागतं. मास्कच्या सिलिकॉनच्या उशीची बाहेरची कड अगदी पातळ असते. मशीनचा वारा आतून भरला की ती कड फुगते आणि चेहऱ्याच्या चढउतारावर अलगद टेकते. हवा तीच कड धरून ठेवते, पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर ठेवायचा असतो. पट्टा आवळला की कड दबते, तिला चुण्या पडतात आणि त्या चुणीतून वारा सुटतो. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी तर चेहरा सगळ्यात खोलगट. म्हणून वारा तिथूनच वाट काढतो.

ही अडचण या उपचाराइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली हा उपचार 'लॅन्सेट'मध्ये पहिल्यांदा मांडला तेव्हा रुग्ण फक्त पाच होते. सुरुवातीच्या त्या काळात प्रत्येकाच्या नाकाच्या मापाचा मास्क घडवून तो दर रात्री चेहऱ्याला चिकटवत असत. फट राहू नये म्हणून एवढा खटाटोप. हे वाचलं तेव्हा मला धीर आला.

आता मी काय केलं ते सांगते.

एका रविवारी मी खाटेवर आडवी झाले, डाव्या कुशीवर, रोजच्या उशीवर, रोज झोपते तशीच. मशीन चालू केलं आणि ते पूर्ण दाबावर येईपर्यंत थांबले. हे महत्त्वाचं आहे. आपण मास्क बसवतो तो आरशासमोर उभं राहून, मशीन हळू असताना. आडवं झालं की गाल सैल पडतात, चेहऱ्याचा आकार बदलतो, आणि मध्यरात्री दाब वाढला की ते बसवणं निकामी होतं. माझा दाब 11 आहे. मशीन तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतं. यांनी तांब्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि ओल्या हाताची मागची बाजू मास्कच्या कडेने हळूहळू फिरवली. कोरड्या हाताला जे कळत नाही ते ओल्या हाताला कळतं, कारण एवढासा वारा लागला तरी गार वाटतं. हात हनुवटीकडून गालावर आला, काही नाही. नाकाच्या उजव्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली आला आणि हे म्हणाले, "अगं, इथून येतोय बघ." बोटाच्या पेराएवढी जागा होती.

मग सगळे पट्टे सैल केले. मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून सरळ पुढे ओढला, कड हवेने फुगू दिली आणि परत अलगद टेकवला. आधी वरचे पट्टे, मग खालचे, दोन्ही बाजू सारख्या, वारा थांबेल एवढेच ओढले. पट्ट्याखाली एक बोट सहज जात होतं. अर्धा वारा तिथेच थांबला. पट्टे सैल केल्यावर गळती कमी होते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

उरलेला अर्धा थांबला तो माप बदलल्यावर. मला मध्यम मापाचा मास्क दिला होता. पुढच्या भेटीत तंत्रज्ञाने कागदी मापपट्टी नाकाला लावली तर माझं माप लहान निघालं. मोठा मास्क मऊ लागतो, म्हणून बरा वाटतो, पण त्याची वरची कड डोळ्यांच्या दिशेने सरकते. मास्क घेताना आडवं होऊन, मशीन चालू करून बघू द्या म्हणायचं. संकोच करायचा नाही. इतकं करूनही नाकाच्या दांड्यापाशी फट राहतच असेल तर नाकपुड्यांशी टेकणारे छोटे मास्क मिळतात. ते दांड्यावर चढतच नाहीत, त्यामुळे डोळ्यांकडे वारा जायला वाटच फारशी उरत नाही. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

आपल्याकडच्या एका सवयीबद्दल वेगळं सांगायला हवं. खोबरेल. लहानपणापासून रात्री डोक्याला आणि चेहऱ्याला तेलाचा हात लावून झोपायची सवय. तेलकट कातड्यावर सिलिकॉन घसरतं, आणि रोजच्या तेलाने ते लवकर खराबही होतं. आता मी तेल सकाळी लावते. रात्री साध्या साबणाने तोंड धुऊन, कोरडं करून मग मास्क. मास्कची उशी रोज सकाळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. पावसाळ्यात ती लवकर सुकत नाही, म्हणून मी पंख्याखाली ठेवते. आणि झोपताना तोच पंखा डोळ्यांवर येत असेल तर खाट सरकवा. मशीनला नाहक दोष लागतो.

एका गृहस्थांनी मास्कच्या पुढच्या बारीक भोकांवर चिकटपट्टी लावली होती, कारण तिथूनही वारा येतो. कृपा करून असं कधी करू नका. आपण सोडलेला श्वास त्या भोकांतूनच बाहेर जातो, ती बंद केली तर तोच श्वास परत आत येणार. तिथला वारा पांघरुणावर आपटून डोळ्यांत येत असेल तर पांघरूण छातीपर्यंतच ठेवा.

मशीनवर सकाळी गळतीचा आकडा दिसतो. तो चांगला आहे म्हणून डोळ्यांचं दुखणं दुसरं काहीतरी असेल असं समजू नका. मशीन सगळी गळती मिळून मोजतं. डोळ्यापाशी असलेली बारीकशी फट त्याच्या हिशेबात नगण्य ठरते, पण डोळा कोरडा करायला ती पुरते.

मास्क कुठूनही गळत नाही आणि तरी वारा डोळ्यात येतो, असंही होतं. आपले अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतात. म्हणून रडलं की नाक वाहतं आणि डोळ्यात घातलेल्या औषधाची चव घशाला लागते. काहींच्या बाबतीत नाकातला दाब त्याच नळीने उलटा वर चढतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे दिसतात. तिथे मास्क बदलून भागत नाही, डॉक्टरांना सांगावं लागतं. दाब मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाच. माझ्या डॉक्टरांनी वरची पापणी बोटाने हलकेच ओढून पाहिली. ॲप्निया असलेल्या काहींची पापणी रबरासारखी सैल झालेली असते, झोपेत ती उशीला लागून उलटते आणि डोळा उघडा राहतो. तो त्रास वाऱ्याचा नसतो, दिसतो मात्र तसाच. काचबिंदूसाठी डोळ्यांतला दाबही त्यांनी मोजला, कारण ॲप्नियाच्या लोकांत त्याचीही काळजी घ्यावी लागते. मला त्यांनी दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री झोपताना घट्ट जेल दिलं. फार्मसीत जाऊन "लाली जायचे थेंब द्या" म्हणू नका. लाली घालवणाऱ्या काही थेंबांनी चार दिवस बरं वाटतं आणि थांबवलं की डोळे जास्त लाल होतात. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, त्याने डोळ्यांतला दाब वाढू शकतो. दूध, मध, गुलाबपाणी हेही नको. आणि डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा पू येत असेल तर मास्कशी खेळत बसू नका, त्याच दिवशी डोळे दाखवा.

हे सगळं करून माझे डोळे निवळायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही आणि मी खूप खचले होते. तुम्हीही खचाल, म्हणून हे सांगते आहे.

परवा रात्री साखळीहून फोन आला. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, वय सत्तरच्या पुढे. मुलाने फोन त्यांच्या कानाशी धरला होता आणि मागून वाऱ्याची शीळ मला स्पष्ट ऐकू येत होती. मी मुलाला म्हटलं, हात ओला कर आणि कडेने फिरव. मग पट्टे सैल करायला सांगितले. म्हातारे आतूनच "नको, नको" म्हणत होते, सुटेल म्हणून. "काका, मास्क पुढे ओढा आणि हळूच टेकवा," मी म्हटलं. एकदा टेकवला, शीळ तशीच. दुसऱ्यांदा टेकवला. मग फोनवर नुसता श्वास ऐकू आला, संथ. मुलगा कुजबुजत म्हणाला, "बाई, थांबला." मी त्याला म्हटलं, आता ते कूस बदलतील तेव्हा परत एकदा हात फिरवून बघ.